पेण आणि रोहा जोडमूळ आहेत का? पिनकोडाची तपासणी घरच्या घरी

पेणचा पिनकोड ४०२१०७ आणि रोह्याचा ४०२१०९. दोन्ही विषम, आणि दोघांत फरक फक्त दोनाचा. शाळेत जोडमूळ संख्यांचा धडा झालेल्या मुलाला इथे एक प्रश्न सहज सुचायला हवा. ३ आणि ५, ११ आणि १३, १७ आणि १९ या जशा दोनाच्या अंतरावरच्या मूळ संख्या, तशीच ही सहा अंकी जोडीही असेल का? उत्तर शोधायला वही, पेन्सिल आणि सुट्टीची एक दुपार पुरते. ते मिळाल्यावर बरोबर आहे की नाही हे दुसऱ्या कोणाला विचारावेही लागत नाही. पालकांनी मुलांसोबत आणि शिक्षकांनी वर्गासोबत ही तपासणी कशी करावी, ते इथे सविस्तर सांगतो.

पिनकोडच का घ्यायचा, तेही सांगायला हवे. पुस्तकातली उदाहरणे नीट सुटावीत म्हणून निवडलेली असतात, आणि मुलांना ते कळते. पिनकोड कोणी गणितासाठी निवडलेला नाही. १५ ऑगस्ट १९७२ पासून देशात ही पद्धत लागू झाली. तिची आखणी केली श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी. ते टपाल खात्यातले वरिष्ठ अधिकारी होते आणि संस्कृत कवीही. पहिला अंक विभागाचा. महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड यांच्या वाट्याला ४ आला. पहिले तीन अंक मिळून टपाल वर्गीकरणाचा जिल्हा ठरतो आणि शेवटचे तीन टपाल कार्यालय दाखवतात. म्हणजे १०७ आणि १०९ हे आकडे व्यवस्थेच्या सोयीने पडले. त्यांच्या पोटात काय दडले आहे हे आधी ठाऊक नसते, म्हणूनच शोधण्यात अर्थ आहे. शिवाय ही संख्या मुलाला तोंडपाठ असते. तिच्याबद्दल त्याला आपलेपणा वाटतो, आणि लांबलचक भागाकार करताना हा आपलेपणा फार उपयोगी पडतो.

सर्वांत आधी कुठे थांबायचे ते ठरवा. बहुतेक मुले इथेच चुकतात. ‘निम्म्यापर्यंत भागून बघू’ असे म्हणतात आणि दोन लाखांचा आकडा पाहून वही मिटतात. इतके लांब जायची गरज नाही. समजा ४०२१०७ ही संख्या दोन संख्यांचा गुणाकार आहे. त्या दोन्ही ६३४ पेक्षा मोठ्या असू शकतील का? ६३५ × ६३५ = ४०३२२५, म्हणजे गुणाकार आताच पेणच्या पुढे गेला. तेव्हा दोघींपैकी निदान एक ६३४ किंवा त्याहून लहान असलीच पाहिजे. ६३४ पर्यंत कोणी भागले नाही तर पुढे कोणीही भागणार नाही. हा मुद्दा मुलाला सांगून टाकू नका. ३६ चे विभाजक जोडीजोडीने लिहायला लावा: १ आणि ३६, २ आणि १८, ३ आणि १२, ४ आणि ९, मग ६ आणि ६. सहाच्या पुढे त्याच जोड्या उलट्या येतात, हे त्याचे त्यालाच दिसू द्या. मग ६३४ चा अर्थ आपोआप उमगतो.

दुसरी बचत अशी की सगळ्या संख्यांनी भागायचे नाही, फक्त मूळ संख्यांनी भागायचे. २ ने भाग जात नसेल तर ४, ६, ८ यांनी जाण्याचा प्रश्नच नाही. ६३४ पर्यंतच्या मूळ संख्यांची यादी मुलांनीच करावी. एराटोस्थेनिसची चाळणी त्यासाठी पुरेशी आहे. १ ते ६३४ संख्या चौकटीत लिहा आणि १ खोडा. मग २ सोडून २ च्या पटी, ३ सोडून ३ च्या पटी असे खोडत २३ पर्यंत जा. तिथे थांबायचे, कारण पुढची मूळ संख्या २९ आणि २९ × २९ = ८४१. उरतात त्या ११५ मूळ संख्या, शेवटची ६३१. आपली यादी बरोबर ११५ ची आहे का, हे मोजून घ्या. ५८९, ६११, ६२९ अशा संख्या फसव्या असतात: ५८९ = १९ × ३१, ६११ = १३ × ४७, ६२९ = १७ × ३७. यातली एखादी चुकून यादीत राहिली तर एक भागाकार वाया जाईल, इतकेच. खरी मूळ संख्या सुटली तर मात्र सगळा निष्कर्ष लटका पडतो. म्हणून खोडताना घाई नको.

आता भागाकार. सुरुवातीच्या काही संख्यांसाठी कसोट्या आहेतच. दोन्ही पिनकोड विषम, शेवटी ५ किंवा ० नाही, आणि अंकांची बेरीज १४ आणि १६, म्हणून २, ३, ५ बाद. ७, ११ आणि १३ यांना एकाच फटक्यात तपासता येते, आणि ही युक्ती मुलांना जरूर शिकवावी, कारण सहा अंकी संख्येसाठी ती फारच सोयीची आहे. ७ × ११ × १३ = १००१. त्यामुळे सहा अंकांचे तीन-तीनचे दोन गट करून वजाबाकी केली, तर त्या सहा अंकी संख्येला या तिघांपैकी जो भागतो तोच त्या वजाबाकीलाही भागतो. पेणसाठी ४०२ − १०७ = २९५. २९५ ला ७, ११, १३ यांपैकी कोणीच भागत नाही. रोह्यासाठी ४०२ − १०९ = २९३, तिथेही नकार. मधला ४०२१०८ हा पोयनाडचा पिनकोड. तिथे वजाबाकी २९४ येते, आणि २९४ = ७ × ४२. म्हणजे पोयनाडला ७ ने भाग जातो.

अशीच दुसरी युक्ती ३७ साठी आहे. ९९९ = २७ × ३७, म्हणून इथे दोन गटांची बेरीज करायची. पेणसाठी ५०९, रोह्यासाठी ५११. दोन्हींना ३७ ने भाग जात नाही. महाडचा पिनकोड ४०२३०१ घेऊन पाहा: ४०२ + ३०१ = ७०३ आणि ७०३ = १९ × ३७. महाडला ३७ ने भाग जातो. पुढे भागत गेलात तर ४०२३०१ = ३७ × ८३ × १३१ मिळेल.

कसोट्या संपल्या की सरळ भागाकार. वहीत तीन रकाने आखा: भाजक, भागाकार, बाकी. १७ ने भागल्यावर पेणची बाकी ६, १९ ने १०. रोह्यासाठी पुन्हा भागू नका. रोहा पेणपेक्षा दोनाने मोठा, म्हणून बाकीत २ मिळवले की रोह्याची बाकी तयार: १७ साठी ८, १९ साठी १२. आता २३ ची ओळ. २३ × १७४८२ = ४०२०८६, पेणची बाकी २१. त्यात २ मिळवा. २३ झाले, म्हणजे रोह्याची बाकी शून्य.

रोहा इथेच उलगडला: ४०२१०९ = २३ × १७४८३. तोंडी पडताळा हवा असेल तर २३ × १७५०० = ४०२५००, त्यातून २३ × १७ = ३९१ वजा करा. १७४८३ पुढे आणखी फुटते का, हेही त्याच रीतीने पाहायचे. १३२ × १३२ = १७४२४ आणि १३३ × १३३ = १७६८९, म्हणून १३१ पर्यंतच्या ३२ मूळ संख्यांनी भागून पाहणे पुरते. एकाही संख्येने भाग जात नाही. तेव्हा १७४८३ स्वतः मूळ आहे, आणि रोह्याचे विभाजक चारच: १, २३, १७४८३ आणि ४०२१०९.

जोडमूळचे उत्तर एका अर्थी इथेच मिळाले. रोहा संयुक्त, म्हणून ही जोडी जोडमूळ नाही. पेणच्या दुसऱ्या बाजूला दोनाने मागे ४०२१०५ आहे, तिथे तर शेवटी ५. पण पेणचे स्वतःचे काय? इथे थांबू नका, अशी माझी शिक्षकांना आग्रहाची विनंती आहे. रोहा मूळ नाही हे सांगायला नवव्या मूळ संख्येपाशी एक ओळ पुरली. पेण मूळ आहे असे म्हणायचे तर ११५ च्या ११५ ओळी भराव्या लागतात. एकही ओळ रिकामी राहिली तर ‘बहुधा मूळ असावी’ एवढेच म्हणता येते. ‘नाही’ सिद्ध करायला एक उदाहरण पुरते आणि ‘आहे’ सिद्ध करायला सगळ्या शक्यता संपवाव्या लागतात. हा फरक मुलाला व्याख्येतून कळत नाही. साठाव्या-सत्तराव्या ओळीवर हात दुखू लागतो, तरीही सोडून चालत नाही, तेव्हा तो कळतो.

एकट्याने करायचे असेल तर कॅल्क्युलेटर वापरायला हरकत नाही. ४०२१०७ ÷ ६३१ केल्यावर पडद्यावर ६३७.२५३… दिसते. पूर्णांक भाग घ्या, ६३१ × ६३७ = ४०१९४७ करा, वजा करा, बाकी १६० लिहा. नुसता दशांश अपूर्णांक पाहून ‘भाग जात नाही’ असे लिहिण्यापेक्षा बाकी काढणे चांगले. त्याचे कारण लगेच पुढे येईल. वर्गात करायचे असेल तर कामाची वाटणी उत्तम होते. कसोट्यांनी तपासलेल्या सात संख्या वगळल्या तर १०८ उरतात. २७ मुले असतील तर प्रत्येकी चार, आणि एका तासिकेत काम आटोपते.

एकाने केलेला भागाकार दुसऱ्याने पडताळावा. पूर्ण भागाकार पुन्हा करायची गरज नाही. समजा कोणी लिहिले: भाजक ८९, भागाकार ४५१८, बाकी ५. प्रत्येक संख्येच्या अंकांची बेरीज एक अंक उरेपर्यंत करायची. ८९ चे ८, ४५१८ चे ९. ८ × ९ = ७२, त्याचे ९; त्यात ५ मिळवले की १४, त्याचे ५. पेणच्या अंकांची बेरीज १४, तिचेही ५. जुळले. मात्र ४५१८ च्या जागी चुकून ४५८१ लिहिले गेले तर ही तपासणी ती चूक पकडणार नाही, कारण अंक तेच आहेत. म्हणून जोडीला शेवटचा अंकही पाहावा. ९ × ८ = ७२ चा २, अधिक ५, म्हणजे ७; पेणचा शेवटचा अंक ७ आहे. ४५८१ असते तर ९ × १ + ५ = १४ म्हणून शेवटी ४ आला असता आणि चूक उघड झाली असती. (पिनकोड लिहितानाही अंकांची अशी अदलाबदल होते. आधार क्रमांकात शेवटचा अंक केवळ चूक पकडण्यासाठी ठेवलेला आहे. पिनकोडात तशी सोय नाही, म्हणून पत्त्यावरचे ७ आणि ९ स्पष्ट काढायची सवय मुलांना लावा.)

११५ ओळी भरून झाल्या की एकाही ओळीत शून्य दिसणार नाही. ४०२१०७ ही मूळ संख्या आहे. चार लाखांच्या आसपास सरासरीने तेरा संख्यांमागे एकच मूळ असते. पेणच्या वाट्याला त्यातली एक आली. महाराष्ट्रातले सगळे पिनकोड ४ ने सुरू होतात आणि पेणची दुप्पट ८०४२१४ होते. म्हणून महाराष्ट्रातल्या दुसऱ्या कोणत्याही पिनकोडाशी पेणचा मसावि १ च येणार. पेण त्या सगळ्यांशी सहमूळ आहे.

आता बाक्या का लिहून ठेवायच्या ते पाहू. पेणचा तक्ता हाताशी असला की शेजारची टपाल कार्यालये जवळजवळ फुकटात सुटतात. नागोठणे ४०२१०६, पेणपेक्षा एकाने कमी. म्हणून जिथे पेणची बाकी १ आहे तो भाजक नागोठण्याला भागेल. तक्त्यात २ खेरीज १०७ समोर बाकी १ आहे, आणि खरोखरच ४०२१०६ = २ × १०७ × १८७९. पोयनाड एकाने जास्त, म्हणून जिथे बाकी भाजकापेक्षा एकाने कमी आहे ते भाजक शोधा: २, ३ आणि ७. त्यावरून ४०२१०८ = २ × २ × ३ × ७ × ४७८७. श्रीवर्धन ४०२११० तीनने पुढे. ७९ समोर बाकी ७६ आणि ५०९ समोर ५०६, दोन्ही ठिकाणी तीन कमी. गुणून पाहा, २ × ५ × ७९ × ५०९ हेच श्रीवर्धन आहे. पेणच्या तक्त्यात निरर्थक वाटलेले आकडे शेजाऱ्यांची उत्तरे बनून समोर येतात, तेव्हा मुलांच्या चेहऱ्यावर उमटणारा आनंद प्रत्येक गणित शिक्षकाने एकदा तरी पाहावा.

इथून दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांकडे वळणे अगदी स्वाभाविक आहे. १९०५ मध्ये डहाणूला जन्मलेले, देवळालीत शाळेत शिकवणारे कापरेकर ६१७४ या संख्येमुळे जगभर ओळखले जातात. पण अंकांच्या बेरजेवर त्यांनी केलेले काम मुलांच्या अधिक आवाक्यातले आहे. स्वतःच्या अंकांच्या बेरजेने जिला निःशेष भाग जातो त्या संख्येला त्यांनी हर्षद संख्या म्हटले. पेण हर्षद होऊ शकत नाही, कारण ती मूळ आहे आणि १४ ने तिला भाग जाणार नाही. रोह्याची बेरीज १६ सम, संख्या विषम, तीही नाही. अलिबागचा ४०२२०१ घ्या. बेरीज ९, आणि ४०२२०१ = ९ × ४४६८९. अलिबाग हर्षद आहे. पूर्ण अवयव पाडले तर ३ × ३ × २३ × २९ × ६७. इथेही २३ आला. रोहा आणि अलिबाग यांच्यातला फरक ९२, म्हणजे चार वेळा २३; दोघांचा मसावि २३.

कापरेकरांचा दुसरा खेळ जनकांचा. एखाद्या संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवली की नवी संख्या जन्मते. पहिली तिची जनक. ४०२१०० च्या अंकांची बेरीज ७, ती मिळवली की ४०२१०७. पण ४०२०९१ ची बेरीज १६, आणि तीही मिळवल्यावर ४०२१०७ च येते. पेणला दोन जनक आहेत. रोह्यालाही दोन आहेत, ते मुलांना शोधू द्या. ज्यांना एकही जनक नसतो अशा संख्याही असतात. कापरेकरांनी त्यांना स्वयंभू म्हटले. वर्गातल्या मुलांनी आपापल्या घरच्या फोन नंबरातले शेवटचे चार अंक घेऊन जनक शोधावेत. हा गृहपाठ कोणी टाळत नाही.

थोड्या मोठ्या मुलांसाठी, नववी-दहावीच्या, आणखी एक प्रश्न. या संख्या दोन वर्गांची बेरीज म्हणून लिहिता येतील का? कोणत्याही पूर्ण वर्गाला ४ ने भागले की बाकी ० किंवा १ येते, म्हणून दोन वर्गांच्या बेरजेची बाकी ३ कधीच येत नाही. ४ ने भागताना शेवटचे दोन अंक पुरतात. पेणचे ०७, बाकी ३. पेण बाद. रोह्याचे ०९, बाकी १, म्हणून आशा वाटते, पण तिथे २३ आणि १७४८३ हे दोन्ही अवयव ४ ने भागल्यावर ३ बाकी ठेवणारे आहेत आणि एकेकदाच आलेले आहेत. फर्मा आणि ऑयलर यांच्या कामातून ठरलेल्या नियमानुसार अशी संख्या दोन वर्गांची बेरीज होत नाही. वजाबाकी मात्र होते: ८७५३ चा वर्ग वजा ८७३० चा वर्ग म्हणजे नेमका रोहा. ८७५३ आणि ८७३० हे आकडे २३ आणि १७४८३ वरून कसे आले, हे बीजगणिताच्या तासाला जरूर विचारावे.

ही रीत सहा-सात अंकांपर्यंत उत्तम. शेकडो अंकी संख्यांना ती पुरत नाही. दोन प्रचंड मूळ संख्यांचा गुणाकार करणे सोपे आणि गुणाकारावरून त्या परत शोधणे अतिशय कठीण, याच गोष्टीवर इंटरनेटवरच्या सुरक्षित व्यवहारांची आरएसए पद्धत उभी आहे. रोह्याची २३ × १७४८३ ही तिचीच छोटी प्रतिकृती. मोठी संख्या मूळ आहे की नाही हे मात्र अवयव न पाडताही खात्रीने आणि वेगाने ठरवता येते, हे २००२ मध्ये कानपूरच्या आयआयटीतले मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी सिद्ध केले. दहावीनंतर गणिताकडे वळू पाहणाऱ्या मुलांना हे नक्की सांगा. पुढे काय शिकायचे आहे याची ओढ अशा गोष्टींतून लागते.

तुम्ही पेण-रोह्याचे नसलात तरी हाच तक्ता चालेल. ६३१ नंतरची मूळ संख्या ६४१, आणि ६४१ × ६४१ = ४१०८८१. याहून लहान कोणत्याही पिनकोडासाठी तेच ११५ भाजक पुरतात. म्हणजे पनवेलचा ४१०२०६ सुद्धा त्यात येतो. पेणच्या पुढचे असाल तर आपल्या पिनकोडातून ४०२१०७ वजा करा आणि तो फरक तक्त्यातल्या प्रत्येक बाकीत मिळवत जा. महाडसाठी फरक १९४. ३७ समोर पेणची बाकी २८ आहे; २८ + १९४ = २२२, म्हणजे बरोबर सहा वेळा ३७. मागचे असाल तर फरक बाकीतून वजा करा आणि उत्तर भाजकाच्या पटीत येते का ते पाहा.